एका दमात वेधशाळा

मावशी रोज सकाळी वेणी घालताना वेधशाळेच्या गाडीचे सगळे थांबे म्हणायची. केस विंचरून झाले, तीन पेड हातात आले, की ती आरशासमोर क्षणभर स्तब्ध उभी राहायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि पेडावर पेड टाकत सुरू करायची. जुना पूल, पोस्ट, कापडगिरणी, लाकडाची वखार, दोन तळी, रेल्वे फाटक, धरण, वसाहत, खिंड, वरचा दवाखाना, पाण्याची टाकी, वेधशाळा. ‘वेधशाळा’ म्हणताना रिबिनीची गाठ बसलेली असायची. मग ती श्वास सोडायची, आणि आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा.

वाचताना हे सोपं वाटतं. पण मावशी घाईने म्हणायची नाही. प्रत्येक थांब्यानंतर माणसाला पिशवी उचलायला वेळ मिळेल एवढं अंतर ती ठेवायची, आणि त्या अंतरातही श्वास न घेता आवाजाचा धागा नुसता धरून राहायची. मी लहानपणी तिच्याबरोबर म्हणून बघायचे. लाकडाच्या वखारीपाशी माझा दम संपायचा आणि मी पलंगावर पडून हसत सुटायचे. मावशी आरशातूनच माझ्याकडे बघायची. हसायची नाही, कारण हसली असती तर दोन तळी हातची गेली असती.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. तिचं लग्न राहून गेलं, असं घरात म्हणत, एखाद्याची छत्री कुठेतरी राहून जावी तसं. ती आमच्याच घरात, वरच्या खोलीत राहायची आणि बसस्थानकावर घोषणा करायची. नोकरीला लागली तेव्हा पासच्या खिडकीत होती. तेव्हाचे घोषणा करणारे गृहस्थ दर दोन थांब्यांनंतर खोकायचे. एकदा त्यांचा आवाज पार बसला, तेव्हा कंट्रोलरसाहेबांनी, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मावशीला वर पाठवलं. ती खाली आलीच नाही.

तिची केबिन फलाटांच्या वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला होती. तिन्ही बाजूंना काचा. त्या पुसून पुसून इतक्या धूसर झाल्या होत्या की खालच्या गाड्या पाण्यातून सरकत आल्यासारख्या दिसायच्या. मी शाळेतून तिथे जाऊन बसायचे. मावशी बटण दाबायची, बोलायची, आणि तिचा शब्द आधी माझ्या शेजारी उमटायचा, मग क्षणभराने दूरच्या छपराखालून परत यायचा, थोडा भिजल्यासारखा. मला तेव्हा वाटायचं, खाली आणखी एक मावशी आहे आणि ती हिच्या मागून सगळं म्हणते आहे. ड्रायव्हर-कंडक्टर तिला ‘वरच्या बाई’ म्हणत. वेधशाळेच्या गाडीचे मिशीवाले ड्रायव्हर जिन्याखालून ओरडत, “वरच्या बाई, आमची गाडी पुकारा आता, नाहीतर पोचेपर्यंत तारे मावळतील!”

सगळ्या गाड्यांमध्ये वेधशाळेची गाडी सर्वांत लांब पल्ल्याची. दुसरी कुठलीही गाडी असली तर मावशी मध्ये श्वास घेई. ही मात्र एका दमात.

“मध्ये थांबलं तर काय होतं?” मी एकदा विचारलं.

“लोकांना वाटतं, संपलं,” ती म्हणाली. “माणूस आपलं नाव येईपर्यंत कान देतो. आवाज तुटला की पिशवी खाली ठेवतो.”

हे तिनेच त्या स्थानकाला शिकवलं होतं. वर्षानुवर्षं तिचा आवाज न तुटता वेधशाळेपर्यंत गेला होता, त्यामुळे तिथल्या माणसांचे कान तसेच घडले होते. धागा चालू आहे तोवर ऐकायचं. थांबला की पुढे काही नाही.

अपघात झाला तो दिवस इतका साधा होता की कोणाला नीट आठवतही नाही. एका खांबावरचा कर्णा खरखरत होता. मावशीने कंट्रोलरसाहेबांना वर माइकपाशी बसवलं, फुंकर मारत राहायला सांगितलं, आणि स्वतः खाली जाऊन त्या खांबाला कान लावून उभी राहिली. पाठीमागून मिशीवाले गाडी मागे घेत होते. कंडक्टर शिट्टी देत होता, पण मावशीच्या कानात कंट्रोलरसाहेबांची फुंकर भरलेली. दार लोटून घ्यावं तशी गाडी सावकाश आली आणि तिला खांबाशी दाबून थांबली. कोणीतरी ओरडलं. गाडी पुढे गेली. मावशी खांबाला टेकून उभीच होती. म्हणाली, “खरखर वायरीत आहे.”

डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या होत्या. गावातल्या दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं, आराम झाला, बरगड्या जुळल्या. थोडक्यात निभावलं, असं येणारा-जाणारा म्हणायचा. मिशीवाले तर फळांची पिशवी घेऊन आले आणि दारातच उभे राहिले.

“आत या की,” आई म्हणाली.

“नको. मला मागे बघायची लाज वाटते, पुढे यायचीही.”

“या हो,” मावशी आतून म्हणाली, “घरात गाडी नाही आणली ना?”

ती कामावर परतली. आणि मग हळूहळू, ऋतू बदलावा तसं, काहीतरी बदलायला लागलं. जेवण झालं की तिला धाप लागायची. आडवी पडली की उठून बसायची. डावा खांदा उगीच दुखायचा. कधी कधी ती शेजारी बसलेली असताना मला तिच्या छातीतून आवाज ऐकू यायचा, लांब कुठेतरी भांड्यात पाणी ओतावं तसा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, “वयाचा गॅस आहे.”

“वयालाही गॅस होतो?” मावशीने विचारलं. गोळ्या मात्र निमूट घेतल्या.

मला ती म्हणाली, “माझ्या छातीत कोणीतरी येऊन बसलंय गं. विनातिकीट.” तिला स्वप्नंही तशीच पडत. आपण केबिनमध्ये आहोत आणि जिन्यावरून माणसं वर येताहेत, बोचकी घेऊन, न बोलता. ती काचेला टेकून बसतात, माइकवर बसतात, आणि बटणापर्यंत हात पोचत नाही.

दिवसा तिने एक शोध लावला होता. पोट रिकामं असलं की श्वास जास्त पुरतो. मग तिने सकाळी खाणं सोडलं. वेधशाळेची गाडी दुपारची. ती गेल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पुढे पुढे डबा तसाच परत यायला लागला. आईने तो उघडून ओट्यावर आपटला.

“हे काय आहे?”

“भूक नव्हती, ताई.”

“महिनाभर? आरशात बघतेस का? वेणी तुझ्यापेक्षा जाड दिसते.”

“जेवलं की दम पुरत नाही.”

“मग नको पुरू दे! गाडी डिझेलवर चालते, तुझ्या दमावर नाही.”

मावशीने तो डबा उचलून घासायला घेतला. दुसऱ्या दिवशी जिना चढताना तिला भोवळ आली आणि आईने तिला वेधशाळेच्याच गाडीत बसवलं. वरच्या दवाखान्यात घेऊन निघालो. मावशी खिडकीशी बसली. तोपर्यंत ती रेल्वे फाटकाच्या पुढे कधी गेलीच नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं. धरणाची भिंत आली, पाणी संथ, वर एकही पाखरू नाही. मग वसाहत आली. एकसारखी घरं, दोऱ्यांवर वाळणारे कपडे.

“एवढीशीच?” मावशी काचेला नाक लावून म्हणाली. “मी तर केवढी मोठी म्हणायचे.”

खिंडीत धुकं होतं. मावशीने पर्समधून एक बिस्कीट काढून खाल्लं, कारण आई तिच्याकडे बघत होती.

दवाखान्यात एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत डाव्या बाजूला खाली पांढरट सावली होती आणि तिच्यात एक गोल, काळा पोकळ भाग. छातीत पाणी झालेलं दिसतं, ते म्हणाले. बरगड्यांमधून सुई घालून काढून टाकू. तयारी सुरू झाली. तेवढ्यात तिथल्या सर्जन बाई आल्या. बुटक्या, पायात रबरी चपला, चष्मा कपाळावर. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, मग स्टेथोस्कोप मावशीच्या छातीला लावला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ त्या तशाच वाकून उभ्या होत्या. वाटलं, झोपल्या की काय.

“आत्ता काय खाल्लंत?” त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“एक बिस्कीट. गाडीत.”

“ते मला इथे ऐकू येतंय. पोटात ऐकू यायला हवं.” मग त्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “सुई ठेव. पाणी नाही हे. जठरात गेली असती.”

नाकातून एक बारीक नळी पोटात सोडली आणि पुन्हा फोटो काढला. नळी खाली गेली होती आणि मग वळून, पाण्यातल्या वेलीसारखी, वर छातीत येऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या यंत्रातलं स्कॅनिंगही झालं. तिथेही तेच दिसलं.

सर्जन बाईंनी आम्हाला समोर बसवलं. एक तळवा पालथा, घुमटासारखा धरला.

“छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा असा घुमट असतो. श्वासपटल म्हणतात. तो खाली गेला की श्वास आत येतो. गाडीने दाबलं तेव्हा याला डावीकडे चीर पडली. तेव्हा लहान असेल, म्हणून त्या वेळच्या फोटोत दिसली नाही. पण ती आपली आपण भरत नाही. प्रत्येक श्वासाला छाती वरून ओढते, पोट खालून ढकलतं. चीर वाढत गेली आणि त्यातून तुमचं जठर आणि थोडं आतडं वर सरकलं. फुप्फुसाच्या जागेत जाऊन बसलंय.”

“म्हणजे बसलंय खरंच कोणीतरी,” मावशी म्हणाली.

“बसलंय. उतरवावं लागेल.”

“आपण होऊन नाही उतरणार?”

“नाही. आणि एखाद्या दिवशी तिथे अडकलं, पिळलं, रक्त बंद झालं, तर धावपळ होईल. मला धावपळीतलं ऑपरेशन आवडत नाही.”

मावशीने विचारलं, “मग वेधशाळेपर्यंत श्वास पुरेल?”

“चालत जाणार आहात?”

आईने कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं सांगितलं. सर्जन बाई हसल्या नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा फोटो पाहिला. “फुप्फुस बरेच महिने दबलेलं आहे. उघडेल. किती उघडेल, ते मी आज सांगू शकत नाही. बरगड्यांमधून छाती उघडावी लागेल, कारण आतलं सगळं फुप्फुसाला चिकटलं असणार, ते बघत बघत सोडवायला हवं. दुखेल. सुरुवातीला श्वास आहे त्याहूनही कमी वाटेल.”

“मला जरा विचार करू दे,” मावशी म्हणाली.

परतीच्या वाटेवर आई तिच्याशी बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलली.

“त्या बाई जिवाचं सांगताहेत आणि तू थांबे मोजतेस?”

“ताई, आत्ता उपाशी राहिलं तर कसाबसा पोचतो गं श्वास. कापल्यावर नाही पोचला तर?”

“तर मुकी राहा! पण राहा.”

मावशी वर निघून गेली. मी तिच्या मागे गेले. ती अंधाऱ्या खोलीत खिडकीपाशी उभी होती, पोटावर हात ठेवून, जणू आतल्या कोणाला तरी समजावत होती. म्हणाली, “पासच्या खिडकीत बसायला माझी ना नाही. पण तिथे मी कोण? इथे आवाज तरी आहे.”

ती पुन्हा केबिनमध्ये जाऊ लागली. उपाशीपोटी, गोळ्या घेऊन. काही दिवस निभलं. मग एका दुपारी, मी तिथे असताना, तिने बटण दाबलं, श्वास घेतला. जुना पूल, पोस्ट, कापडगिरणी. आवाज स्वच्छ होता. लाकडाची वखार, दोन तळी, रेल्वे फाटक. मानेची शीर वर आली. धरण. आणि तिथे धागा तुटला. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. फक्त एवढंच, एका श्वासापुरतं. तो घेऊन तिने उरलेले थांबे म्हटले, वेधशाळेपर्यंत, नीट.

पण खाली, काचेपलीकडच्या त्या पाणथळ उजेडात, मी पाहिलं: बाकांवरून उठलेली काही माणसं परत बसली. कोणी पिशवी खाली ठेवली, कोणी शेजारच्याशी बोलायला वळलं. धरणापर्यंतची जी होती तेवढीच गाडीत चढली. पुढची नावं छपराखाली घुमत राहिली आणि ती कोणी ऐकली नाहीत. मिशीवाल्यांनी हॉर्न दिला आणि गाडी अर्धी रिकामी गेली.

थोड्या वेळाने आम्ही जिना उतरलो, तर खालच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर धुतलेल्या कपड्यांची पिशवी, हातात थर्मास. डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. फलाटावरची पाटी त्यांना वाचता येत नसे हे मावशीला माहीत होतं. त्यांची बायको वरच्या दवाखान्यात होती आणि ते रोज याच गाडीने जायचे.

“काका, तुम्ही गेला नाहीत?” मावशीने विचारलं.

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. “बाई, आज गाडी धरणापर्यंतच होती ना?”

“कोणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

मावशी बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली.

“असू दे,” ते म्हणाले. “संध्याकाळची तरी वरपर्यंत जाते का? तिला सूप गरम लागतं. हा थर्मास काही तोवर दम धरायचा नाही.”

मावशीने कंट्रोलरसाहेबांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, की वर सामान घेऊन जाणारा टेम्पो असेल तर ह्यांना बसवून द्या. टेम्पो मिळाला. म्हातारबुवा पुढच्या सीटवर बसून गेले, थर्मास छातीशी धरून. मग मावशी तिथेच टेबलासमोर बसली आणि म्हणाली, “साहेब, मला मोठी रजा हवी.”

“घ्या. आणि परत आल्यावर पासची खिडकी आहेच, बाई. तुमचीच आहे.”

“ते परत आल्यावर बघू,” ती म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन ती आईच्या हातचं पोटभर जेवली, धापा टाकत, मध्येमध्ये थांबत. आई समोर बसून होती. जेवण झाल्यावर तिने बॅग भरायला घेतली.

ऑपरेशनच्या टेबलावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिला आकडे मोजायला सांगितले. “आकडे नको,” ती म्हणाली, “मी आपले थांबे म्हणते.” नंतर शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, मी कुठवर गेले? तिला वाटत होतं, पार वेधशाळेपर्यंत. तिने तिथला घुमटही पाहिला होता म्हणे, उघडताना.

“छे हो,” ते डॉक्टर म्हणाले. “पोस्टही आलं नव्हतं.”

आत काय झालं ते सर्जन बाईंनी आम्हाला बाहेर येऊन सांगितलं. जठर आणि आतड्याचं एक वेटोळं फुप्फुसाला आणि चिरेच्या काठांना चिकटलं होतं. ते त्यांनी बोटाने, कात्रीच्या टोकाने, पापुद्रा पापुद्रा करून सोडवलं. आतड्याचा रंग चांगला होता, काही कापावं लागलं नाही. मग सगळं एकेक करून चिरेतून खाली, पोटात उतरवलं. काठ जवळ आणून जाड, न विरघळणाऱ्या दोऱ्याने एकेक सुटा टाका घातला. कडेला थोडी जागा जुळेना, ओढून शिवली असती तर पुन्हा उसवली असती. तिथे जाळीचं ठिगळ लावलं. शेवटी भूल देणाऱ्यांना फुप्फुसात हवा भरायला सांगितली. “उघडलं,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जरा हसल्या. “वरचं सगळं उघडलं. खालचा कोपरा अजून रुसलाय.”

मावशीच्या कुशीतून एक नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. बाटलीत पाणी, आणि तिने श्वास सोडला की त्यात बुडबुडे. मी दुपारभर ते बघत बसायचे. खोलीत पडद्यातून गाळलेला उजेड, बाहेर कुठेतरी कपबशांचा आवाज, आणि खाली ते बुडबुडे, जणू मावशी झोपेतही पाण्याखालून कोणाला तरी काही सांगते आहे. बुडबुडे कमी होत गेले. मग थांबले. मला भीती वाटली. नर्सबाई म्हणाल्या, तेच हवं होतं.

मग तिच्या हातात एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. तीन कप्पे, तीन गोळे. नळीतून श्वास ओढला की गोळे वर चढायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई कडक होत्या.

“ओढा, ओढा, ओढा. सोडू नका.”

“टाके दुखताहेत हो.”

“उशी धरा छातीशी आणि ओढा.”

पहिला गोळा उठला. बऱ्याच दिवसांनी दुसरा. तिसरा नुसता थरथरायचा. घरी आल्यावर मावशी वरच्या खिडकीत बसून तासन्‌तास त्या गोळ्यांशी खेळायची. डावा हात डोक्यावर जात नव्हता, म्हणून आई तिची वेणी घालायची. मावशी थांबे म्हणून बघायची. वसाहतीपर्यंत. पुढे खिंडीपर्यंत. एकदा वरच्या दवाखान्यापर्यंत पोचली आणि आईने वेणी सोडून टाळी वाजवली. पण पाण्याची टाकी आली नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. तिसरा गोळा कधीच वर टेकला नाही.

सर्जन बाईंनी शेवटचं तपासलं तेव्हा त्या म्हणाल्या, “शिवण पक्की आहे. थोडं थोडं खा, पुष्कळदा खा. जिने चढा. श्वास आता आयुष्यभर पुरेल.”

“एका दमात नाही पुरणार,” मावशी म्हणाली.

“एका दमात नाही.”

मावशीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं की नव्हतं, मला ओळखता आलं नाही. परतताना गाडीत ती ओठांत काहीतरी पुटपुटत होती आणि बोटांनी मांडीवर ठेका धरत होती.

ती कामावर गेली त्या दिवशी मीही गेले. कंट्रोलरसाहेबांनी पासच्या खिडकीची किल्ली टेबलावर ठेवली होती. मावशीने ती त्यांच्याकडे सरकवली.

“एकदा पुकारून बघते. लोक बसून राहिले तर ही किल्ली घेते.”

जिना ती थांबत थांबत चढली. मिशीवाल्यांनी गाडी फलाटाला लावली होती आणि ते मुद्दाम खाली उतरून वर बघत उभे होते. मावशीने बटण दाबलं. जुना पूल, पोस्ट, कापडगिरणी, लाकडाची वखार, दोन तळी, रेल्वे फाटक, धरण. धरणाला अजून तिच्याकडे श्वास शिल्लक होता, मला माहीत होतं. ती खिंडीपर्यंत सहज गेली असती. पण तिने तो श्वास दुसरीकडे खर्च केला. ती म्हणाली, “थांबा. गाडी अजून पुढे जाते.”

आणि मग माइकपासून तोंड न फिरवता तिने श्वास घेतला. इतकी वर्षं माइकवर श्वास ऐकू जाणं हा तिला गबाळेपणा वाटायचा. आता तो सगळ्या स्थानकाने ऐकला. छपराखालून तो परत आला, लांब, किंचित खरखरीत, वाऱ्याने मोठा पडदा भरून यावा तसा. खाली माणसं होती तशीच उभी राहिली. पिशव्या हातातच होत्या. कोणी शेजारच्याकडे वळलं नाही. मला वाटलं, तेही श्वास घेताहेत.

“वसाहत,” मावशी म्हणाली. “खिंड. वरचा दवाखाना. पाण्याची टाकी. वेधशाळा.”

बाकांवरची माणसं उठून गाडीकडे निघाली.

“काय वरच्या बाई,” मिशीवाले खालून ओरडले, “मध्यंतर ठेवलं का आता?”

“तुम्हाला चहा प्यायला,” मावशीने माइकवरूनच सांगितलं, आणि सगळा फलाट हसला. कंट्रोलरसाहेबांनी किल्ली खणात टाकली.

त्यानंतर बरीच वर्षं ती तसंच पुकारत राहिली. वेधशाळा मात्र तिने कधी पाहिली नाही. आम्ही किती वेळा म्हटलं, चल, एक दिवस जाऊ. ती म्हणायची, “नको. बघितली की वसाहतीसारखी लहान व्हायची.” ती निवृत्त झाल्यावर तिच्या जागी एक मुलगी आली, धडधाकट, पोहण्यात बक्षिसं मिळवलेली. तिचा श्वास वेधशाळेच्याही पुढे गेला असता. पण तीही धरणापाशी थांबते, ‘गाडी अजून पुढे जाते’ म्हणते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेते. न थांबता पुकारलं तर लोक गोंधळतात, म्हणाली. त्यांना वाटतं, काहीतरी राहिलं.

मावशी गेली ती एका हिवाळ्यातल्या सकाळी, हृदयाने, वरच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. शिवण शेवटपर्यंत उसवली नव्हती. आदल्या दिवसापर्यंत ती जिना चढ-उतर करत होती. त्या सकाळी आई चहा घेऊन वर गेली, तेव्हा ती खिडकीत ऊन घेत होती. आई कप भरू लागली, तशी तिने हात आडवा धरला.

“अर्धाच दे, ताई. उरलेला मग घेते.”